१९६८ मध्ये हम्फ्री घेऊन निक्सनला हरवता येतं का खरंच? सहाव्यांदा हरलोय

हरलेला_गडी

मंडळी मदत करा. द कॅम्पेन ट्रेल खेळतोय, तो ब्राउझरमधला पंचवीस प्रश्नांचा. १९६८ ची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक, मी डेमोक्रॅट हम्फ्री, समोर रिपब्लिकन निक्सन आणि मध्ये लुडबुड करायला तिसरा उमेदवार, अलाबामाचा वर्णभेदवादी वॉलेस. डिफिकल्टी नॉर्मल. सहा वेळा खेळून झालं आणि सहाही वेळा निक्सनच आला. इझीवर जिंकतो, पण इझीवर जिंकून सांगायचं कुणाला.

कालचा रन जिव्हारी लागला. देशभरातली एकूण मतं माझी जास्त, मी ४३.१ टक्के आणि निक्सन ४२.६, ते बघून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, आणि मग नकाशा पूर्ण रंगला तर इलेक्टोरल मतं (राज्यात जो पहिला त्याला त्या राज्याची सगळी) निक्सन २७३, मी २२०, वॉलेस ४५. म्हणजे खऱ्या हम्फ्रीला जी मिसुरी आणि न्यू जर्सी मिळाली नव्हती ती मला मिळाली, एकूण मतं मिळाली, आणि तरी घरी.

मी काय करतो ते सांगतो. उपाध्यक्षपदाला मस्की. प्रश्नांना शक्यतो कुणी दुखावणार नाही असं उत्तर. व्हिएतनाम युद्धावर सुरुवातीला मावळता अध्यक्ष जॉन्सन, जो टेक्सासचाच, त्याच्या बाजूने बोलतो कारण टेक्सास हातचं घालवायचं नाहीये, मग मधे कुठेतरी शांततेची भाषा सुरू करतो कारण कॅलिफोर्निया पाहिजे. वॉलेस दिसला की हाणतो. दौरे काढायची वेळ आली की जिथे मतं जास्त तिथे, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया. सल्लागार तर बहुतेक उत्तरांना मान डोलावतो. मग घोडं नेमकं पेंड कुठे खातंय?

धडाकेबाज

वॉलेसला नुसतं हाणू नकोस, झोपव. खऱ्या निवडणुकीत १३.५ टक्के मतं खाल्ली त्याने. ती बहुतेक डेमोक्रॅटांचीच माणसं होती की, कारखान्यातले, युनियनवाले, दक्षिणेतले परंपरागत मतदार. पहिल्या प्रश्नापासून वॉलेसच्या मागे लाग, देशभर, दक्षिणेत तर जास्तच. तो दहाच्या खाली आला की निक्सन आपोआप पडतो. सिंपल.

नकाशावाली

@धडाकेबाज हे एवढं सिंपल असतं तर गडी सहा वेळा हरला नसता ना. दक्षिणेचं गणित उलटं आहे पण ते आकडेमोड्या येऊन सांगेलच, त्याचा आवडता विषय आहे तो, मी त्याच्या तोंडचा घास काढत नाही.

@हरलेला_गडी तुझी पोस्ट वाचून एकच गोष्ट डोळ्यात आली. तू अख्ख्या देशाला खूश करायला निघालायस. हा गेम देश जिंकायचा नाहीच आहे, हा ७९ मतं गोळा करायचा गेम आहे. सांगते कसं.

खऱ्या १९६८ मध्ये हम्फ्रीला १९१ मिळाली. न्यूयॉर्क ४३, पेनसिल्व्हेनिया २९, टेक्सास २५, मिशिगन २१, मॅसॅच्युसेट्स १४, मग मेरीलँड, मिनेसोटा, वॉशिंग्टन आणि बाकी किरकोळ. (मेरीलँड ही निक्सनच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची, म्हणजे अ‍ॅग्न्यूचीच गव्हर्नरकी आणि तीच हम्फ्रीने घेतली, मला दरवेळी हसू येतं.) जिंकायला २७०. तर ही १९१ तुझी मुद्दल धर, ती सांभाळायची, आणि वरची ७९ कुठून आणायची तेवढंच बघायचं. बाकीच्या राज्यांत काय चाललंय हे बघायचंसुद्धा नाही.

आता निक्सनने थोडक्यात मारलेली राज्यं बघ. मिसुरी १२ मतं, फरक जेमतेम एक टक्का. न्यू जर्सी १७, फरक दोन टक्के आणि वर थोडं. ओहायो २६, सव्वादोन. इलिनॉय २६, तीनला जरा कमी. कॅलिफोर्निया ४०, तीनला जरा जास्त. संपली यादी. विस्कॉन्सिन पण आहे १२ चं, पण तिथे फरक साडेतीनच्या वर जातो.

इलिनॉय आणि न्यू जर्सी घेतलीस की ४३ झाली, म्हणजे तू २३४ वर. राहिली ३६. ती एकतर एकट्या कॅलिफोर्नियातून येतात, ४०, किंवा ओहायो आणि मिसुरी मिळून, ३८. म्हणजे दोन रस्ते आहेत आणि इलिनॉय न्यू जर्सी दोन्ही रस्त्यांवर आहे. कुठलाही रस्ता घे पण एकच घे. तू दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा आहेस, वर व्हिएतनामवर अर्धं इकडे अर्धं तिकडे बोलतोयस, मग तुला काय मिळतं तर न्यूयॉर्कमध्ये आणखी मताधिक्य. न्यूयॉर्क हम्फ्रीने पाच टक्क्यांनी मारलं होतं. तू ते सातने मारलंस काय आणि दहाने मारलंस काय, ४३ च्या ४४ होत नाहीत. तुझी ती ४३.१ टक्क्यांची एकूण मतं तिथेच साचून कुजलीयेत.

न्यूयॉर्कचे दौरे बंद. आजपासून.

हरलेला_गडी

@नकाशावाली ताई हे असं कुणी मांडून दाखवलंच नव्हतं. दोन दगड एकदम पटलं. पण मग सल्लागार का छान छान म्हणत असतो? मी उत्तर दिलं की तो म्हणतो लोकांना आवडलं.

नकाशावाली

कारण आवडलेलं असतं. कुणाला आणि कुठे हा प्रश्न आहे. माझ्या समजुतीप्रमाणे प्रत्येक उत्तराचा परिणाम तीन ठिकाणी जातो, थोडा देशभर, थोडा ठरावीक राज्यांत, आणि थोडा त्या मुद्द्यावर तू कुठे उभा आहेस त्या खात्यात. सल्लागार तुला एका वाक्यात सांगतो आणि त्यात तुझ्या कामाची राज्यं आहेत की नाहीत हे कळत नाही. देशभर थोडं वाईट पण ओहायोत चांगलं असं उत्तर असेल तर तो नाक मुरडेल आणि तुझ्यासाठी ते बरोबर असेल. मी तर सल्ला बंदच करून टाकते, पॉपअपवर पर्याय असतो बघ. मधे मधे पोल दाखवतात ते नकाशे मात्र नीट बघ, टक्के नाही, राज्यं.

आकडेमोड्या

हजर आहे. ताईंनी माझं नाव घेतलं म्हणून आलो असं नाही, येणारच होतो.

@धडाकेबाज भाऊ, वॉलेसचा मतदार उत्तरेत वेगळा आणि दक्षिणेत वेगळा. उत्तरेत, म्हणजे ओहायो मिशिगन वगैरे, वॉलेसला सोडणारा कामगार बऱ्यापैकी हम्फ्रीकडे परत येतो. खऱ्या निवडणुकीत हेच झालं होतं, एएफएल-सीआयओने, म्हणजे कामगार संघटनांच्या महासंघाने, सगळी ताकद लावून पत्रकं वाटली की बाबांनो ह्या माणसाच्या अलाबामात मजुरी किती आहे ते बघा, आणि सप्टेंबरात २१ टक्क्यांवर असलेला वॉलेस खाली आला. पण दक्षिणेत वॉलेसला सोडणारा माणूस हम्फ्रीकडे येतच नाही, तो जातो निक्सनकडे. ज्याच्यावर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा शिक्का आहे त्याला तो कशाला मत देईल.

आता गंमत बघा. टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना. तिन्ही ठिकाणी निक्सन पहिला, वॉलेस दुसरा, हम्फ्री तिसरा. टेनेसीत तर निक्सन ३८ आणि वॉलेस ३४ च्या आसपास. म्हणजे दक्षिणेत तुम्ही वॉलेसला खाली ओढलंत की निक्सनचा तिथला गड तुम्ही स्वतः बांधून देताय. उलट वॉलेस तिथे जितका तगडा तितका निक्सनला ताप.

मग मी एकदा असा डाव खेळलो की दक्षिणेत वॉलेसला अजिबात हात लावायचा नाही, तो ही तिन्ही राज्यं खाईल, निक्सन २७० च्या खाली जाईल, कुणालाच बहुमत नाही आणि प्रकरण हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात. खेळलो, आणि खाल्ली पण त्याने तिन्ही! ११, १३ आणि ८, एकूण ३२. निक्सनची गेममध्ये ३०२ असतात (खऱ्यात ३०१ नोंदलीत कारण नॉर्थ कॅरोलायनाच्या एका इलेक्टरने, म्हणजे राज्यातर्फे इलेक्टोरल मत टाकणाऱ्या प्रतिनिधीने, ऐनवेळी वॉलेसला मत दिलं, गेममध्ये तो आगाऊपणा नाही). ३०२ वजा ३२ किती?

२७०.

बरोब्बर २७०. मी अर्धा तास नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो. उत्तरेत एक मिसुरी घेतली असती तरी पुरे होतं, पण मी उत्तरेकडे लक्षच दिलं नव्हतं.

तर सांगायचं हे की वॉलेसला हाणा, पण मजुरी, युनियन, पगार ह्या भाषेत हाणा, जी ओहायो मिसुरीत लागते. ओहायोत त्याला जवळजवळ १२ टक्के होती आणि तुमचा निक्सनशी फरक सव्वादोन. त्या बारातला एक तुकडा पुरतो. कॅलिफोर्नियात त्याला सातपेक्षा कमी, तिथे वॉलेस वॉलेस करून काहीच हाताला लागत नाही. म्हणजे ताईंच्या दोन रस्त्यांपैकी ओहायो मिसुरी हा वॉलेसचा रस्ता आहे आणि कॅलिफोर्निया हा व्हिएतनामचा.

धडाकेबाज

बरं बाबा. चुकलो. दक्षिण सोडली.

पण मग हाऊसमध्ये गेलं तर तो विजय धरायचा का?

आकडेमोड्या

त्यावर वेगळा धागा काढावा लागेल. हाऊसमध्ये प्रत्येक राज्याला एक मत असतं, खासदार कितीही असोत, आणि त्या वर्षी हाऊसमध्ये बहुमत डेमोक्रॅटांचं होतं, २४३ विरुद्ध १९२. कागदावर हम्फ्री. पण त्यातले दक्षिणेतले डेमोक्रॅट खरंच हम्फ्रीच्या बाजूने हात वर करतील का हे तुम्हीच ठरवा. मी अर्धा विजय धरतो.

नकाशावाली

मी धरत नाही. २७० म्हणजे २७०.

जुना_खेळिया

वॉलेसवर एवढं बोलणं झालं, आता व्हिएतनामकडे या, कारण हा गेम खरा तिथे जिंकला किंवा हरला जातो आणि गड्याची चूक सगळ्यात मोठी तिथेच आहे.

खरा हम्फ्री काय करत होता ते आधी बघा. मार्चच्या ३१ तारखेला जॉन्सन म्हणाला मी उभा राहत नाही. हा त्याचाच उपाध्यक्ष, एकही प्रायमरी (पक्षांतर्गत निवडणूक) न लढता उमेदवारी घेतली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींचा खून झालेला, ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलीस पोरांना बडवतायत आणि टीव्हीवर सगळा देश बघतोय. सप्टेंबरभर जाईल तिथे युद्धविरोधी पोरं त्याच्या सभा उधळायची. महिन्याच्या शेवटाला गॅलपच्या जनमत चाचणीमध्ये निक्सन ४३, हम्फ्री २८. पंधरा टक्के मागे! आणि मग ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीहून टीव्हीवर भाषण केलं की मी आलो तर शांततेसाठी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवायचा धोका पत्करेन. जॉन्सनपासून एक वीतभर बाजूला सरकला, जास्त नाही. पण त्यानंतर सभा शांत झाल्या, पैसा यायला लागला, आणि शेवटच्या गॅलपमध्ये ४२ विरुद्ध ४०. मतदान ५ नोव्हेंबरला, फरक उरला पाच लाख मतांच्या आसपास. आणखी एक आठवडा मिळाला असता तर चित्र वेगळं असतं असं मानणारे आजही खूप आहेत, मी त्यातला एक.

ह्यातून गेममध्ये काय घ्यायचं? वीतभर सरकायचं आणि मग तिथेच उभं राहायचं. गडी काय करतोय, आधी जॉन्सन, मग शांतता, मग टेक्सासची आठवण आली की परत जॉन्सन. मुद्द्याच्या खात्यात ही उत्तरं एकमेकांना खाऊन टाकतात, शेवटी तू उभा असतोस बरोबर मध्यात जिथे कुणीच राहत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या.

दुसऱ्या टोकाला पण जाऊ नका. मी एकदा पहिल्या उत्तरापासून जॉन्सनवर तुटून पडलो होतो, पक्षातल्या युद्धविरोधी मॅकार्थीवाल्यांना खूश करू म्हणून. कॅलिफोर्निया आलं आणि टेक्सास गेलं. टेक्सास हम्फ्रीने सव्वा टक्क्याने मारलंय हे विसरू नका, ते सुद्धा जॉन्सन आणि टेक्सासचा गव्हर्नर कॉनली शेवटी मागे उभे राहिले म्हणून, मतदानाच्या दोन दिवस आधी ह्युस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये जॉन्सन आणि हम्फ्री एका मंचावर होते. २५ मतं घालवून ४० मिळवलीत तर हातात १५ च पडली, ७९ कुठे राहिली.

माझा सल्ला, युद्धावर सौम्य बाजूला राहा, जॉन्सनचं नाव घेऊन शिव्या घालायचं उत्तर कधीच निवडू नका, आणि एक दौरा टेक्सासला राखून ठेवा. मग कॅलिफोर्नियाच्या मागे लागलात तरी चालेल.

नकाशावाली

@जुना_खेळिया काका सगळं मान्य पण कॅलिफोर्नियाचा रस्ता मी नॉर्मलवर तरी सुचवणार नाही. निक्सनचं स्वतःचं राज्य आहे ते, तिथूनच खासदार आणि सिनेटर झाला. चाळीस मतं एकाच ठिकाणी अडकवायची आणि शेवटच्या दोन प्रश्नांत नशिबाने हात दिला नाही की सगळं पाण्यात. ओहायो मिसुरीत निदान एक गेलं तर दुसरं हातात राहतं.

जुना_खेळिया

एक गेलं तरी हरलातच की ताई. ३६ पाहिजेत म्हणालात ना तुम्हीच. एका दाराला एक कुलूप बरं की दोन कुलपं, आणि दोन्ही उघडायलाच हवीत?

नकाशावाली

😐 हे बरोबर आहे.

पण ओहायोत वॉलेसची मतं काढायला हाताशी आहेत, कॅलिफोर्नियात तेवढी कोण देणार तुम्हाला? मी अजूनही ओहायो.

चोरवाट

एवढी चर्चा कशाला रे. ब्राउझरमध्ये सोर्स उघडा, जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक उत्तराचे आकडे लिहिलेत. कुठल्या उत्तराला कुठल्या राज्यात किती, सगळं. दहा मिनिटांत जिंकाल.

आकडेमोड्या

शब्दकोडं सोडवताना मागच्या पानावरची उत्तरं बघणारा तूच ना. आकडे बघून पण दरवेळी थोडा नशिबाचा भाग मिसळतोच, त्यामुळे तीच उत्तरं दिलीस तरी काठावरची राज्यं एकदा इकडे एकदा तिकडे जातात. ते आधी समजून घे मग चोऱ्या कर.

जाता जाता @हरलेला_गडी तुझ्या त्या २७३ वाल्या रनबद्दल. निक्सनला तीन मतांची मोकळीक होती. अलास्का ३, डेलावेअर ३. दोन्ही घेतली असतीस तर तो २६७ आणि प्रकरण हाऊसमध्ये. अलास्कात खऱ्या निवडणुकीतला फरक अडीच टक्क्यांच्या जरासाच वर आहे, इलिनॉयपेक्षा कमी. कुणी बघत नाही तिकडे. मी पण नाही बघत, नुसतं सांगून ठेवतो.

हरलेला_गडी

मंडळी सगळं वाचलं, वहीत लिहून काढलं, दोन रन केले. सातव्याचं थोडक्यात सांगतो, काकांनी नको म्हटलेलंच केलं, शांततेच्या भरात एका उत्तरात जॉन्सनवर घसरलो, टेक्सास साफ गेलं, मिशिगन कसंबसं वाचलं. त्याच्यावर बोलायला नको.

आठवा रन. ह्यावेळी पक्कं ठरवून बसलो. मस्की. सल्लागार बंद. व्हिएतनामवर पहिल्यापासून सौम्य, पण जॉन्सनचं नाव नाही. वॉलेसवर फक्त मजुरी आणि युनियन, दक्षिणेसाठी म्हणून दिसणारं एकही उत्तर घेतलं नाही. न्यूयॉर्कला एकदाही गेलो नाही (हात थरथरत होता). एक दौरा टेक्सासला, काकांसाठी. बाकीचे ओहायो आणि मिसुरीत घालवले, आणि एक कॅलिफोर्नियाला टाकला, कारण मधल्या पोलमध्ये तिथे एकदम बरोबरीत दिसायला लागलं आणि मला राहवेना.

निकाल लागायला लागले. मेरीलँड आलं. मिशिगन आलं. टेक्सास आलं, तेव्हा मी ओरडलो आणि घरचे बघायला आले काय झालं म्हणून. ओहायो आलं! मिसुरी आलं! मग उशिरा कॅलिफोर्निया आलं!! म्हणजे ताईंचे दोन्ही रस्ते मिळाले मला, दोन्ही! ७८ मतं नवीन.

आणि इलिनॉय गेलं. आणि न्यू जर्सी गेलं, जी मागच्या रनांमध्ये येत होती म्हणून मी ह्यावेळी तिकडे फिरकलोच नव्हतो.

हम्फ्री २६९. निक्सन २२४. वॉलेस ४५.

एक. एक मत.

नकाशावाली

अरे देवा. दोन्ही पर्याय मिळवलेस आणि दोन्हीकडे लागणारं जे सामाईक होतं तेच घालवलंस. हे मी पहिल्यांदाच बघतेय कुणाच्या बाबतीत.

धडाकेबाज

२६९ 😂😂😂 अर्धा विजय, अर्धा विजय! हाऊसमध्ये एक मत तर मिळवशीलच कुठूनतरी

जुना_खेळिया

गड्या तरी तू नॉर्मलवर निक्सनला २२४ वर आणलंस, हे खूप मोठं काम आहे. आठ रनांपूर्वी तू न्यूयॉर्कला दौरे काढत होतास. न्यू जर्सी मात्र माझ्या पण हातून असंच एकदा गेलं होतं. एकदा आलं की आपलंच वाटायला लागतं ते, आणि दर रनला पाटी कोरी असते. कॅलिफोर्नियाचा तो दौरा तिकडे टाकला असतास तर?

हरलेला_गडी

काका तर मग कॅलिफोर्निया आलं नसतं आणि न्यू जर्सी आलं असतं, म्हणजे २६९ वजा ४० अधिक १७, २४६. त्यापेक्षा हे बरं ना? का ओहायोचा एक कमी करून तिकडे टाकायला हवा होता? ओहायो तसं दीड टक्क्याने आलंय.

नकाशावाली

ओहायोचा एक न्यू जर्सीला, हो. दीड टक्का म्हणजे तिथे तुझा दौरा जास्तीचा झाला. अर्ध्या टक्क्याने पण २६ च मिळतात.

आकडेमोड्या

माझा एक साधा प्रश्न आहे. निकालाचं पान अजून उघडं आहे का? असेल तर नकाशात बघ जरा. अलास्का किती फरकाने गेलं?

हरलेला_गडी

थांब बघतो

हरलेला_गडी

०.४ टक्के.

आकडेमोड्या

मी काही बोललो नाही.

हरलेला_गडी

एक दौरा. नुसता एक दौरा अलास्काला टाकला असता तर २७२. तू सांगितलं होतंस, वर लिहिलंयस, मी वाचून हसलो होतो की कोण जातं अलास्काला.

बसतोय परत. नववा.